एनपी की पीए? अमेरिकेत यापैकी एक करिअर निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न साधारण तीन प्रकारच्या घरांतून येतात. मुलं अमेरिकेत वाढली आणि त्यांना आरोग्यसेवेत जायचं आहे, पण मेडिकल कॉलेज आणि रेसिडेन्सीची सात ते अकरा वर्षं नको आहेत. किंवा जोडीदाराच्या नोकरीमुळे एच-४ व्हिसावर आलेल्या कोणाकडे बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस किंवा फिजिओथेरपीची पदवी आहे आणि ती कपाटात पडून आहे. तिसरं घर महाराष्ट्रातल्या नर्सचं. उत्तरं अमेरिकेतल्या व्यवस्थेबद्दलची आहेत. नियम राज्यागणिक बदलतात, त्यामुळे फी भरण्याआधी आपल्या राज्याच्या बोर्डाचं संकेतस्थळ स्वतः वाचा.

एनपी आणि पीए नेमकं काय काम करतात?

नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे एनपी, फिजिशियन असिस्टंट म्हणजे पीए. दोघंही रुग्ण तपासतात, निदान करतात, रक्ताच्या आणि इमेजिंगच्या तपासण्या सांगतात, रिपोर्ट वाचतात, औषधं लिहून देतात, तज्ज्ञाकडे पाठवतात. अमेरिकेत डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली आणि तपासायला दुसरंच कोणी आलं, तर ती व्यक्ती बहुधा या दोघांपैकी एक असते. नोकरीच्या जाहिरातींत दोघांना मिळून एपीपी म्हणतात, आणि अनेक जागांवर ‘एनपी किंवा पीए’ असंच लिहिलेलं असतं.

दोन्ही व्यवसाय १९६५ साली सुरू झाले. कोलोरॅडो विद्यापीठात नर्स लोरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी अनुभवी नर्सना मुलं तपासायचं जादा शिक्षण द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी नौदलात वैद्यकीय काम केलेल्या चौघांची तुकडी घेतली आणि त्यांना वैद्यकीय अभ्यासक्रम आटोपशीर करून शिकवला. साठ वर्षांनंतरही हा फरक टिकून आहे: एनपीला आधी नर्स व्हावं लागतं, पीएला नाही.

मग प्रत्यक्ष कामात फरक काय?

एखाद्या कार्डिऑलॉजी क्लिनिकमध्ये दोघं शेजारशेजारच्या खोल्यांत बसत असतील, तर रुग्णाला फरक कळणारही नाही. फरक आहे तो प्रवेशाच्या अटींत, शिक्षणाच्या पद्धतीत आणि परवान्याच्या कायद्यात. पीएचं शिक्षण सगळ्या वयोगटांचं आणि सगळ्या शाखांचं असतं. एनपीचं शिक्षण पहिल्या दिवसापासून एका ठरावीक रुग्णगटापुरतं असतं, आणि पुढे प्रमाणपत्रही त्याच गटाचं मिळतं. म्हणून ‘दोन्हींत चांगलं कोणतं’ हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवतो. आज तुमच्या हातात नर्सिंगचा परवाना आहे का, कोणत्या रुग्णांबरोबर काम करायचं ते पक्कं झालं आहे का, आणि कोणत्या राज्यात राहणार आहात, या तीन उत्तरांवर निवड ठरते.

मी अमेरिकेत आरएन (नोंदणीकृत नर्स) आहे. पीए करू का?

बहुतेकांना आम्ही नको म्हणतो, आणि कारण हिशेबाचं आहे. पीएचा अभ्यासक्रम सरासरी २७ महिने, पूर्णवेळ. त्या काळात नोकरी करायला बरीच कॉलेजं लेखी मनाई करतात. मे २०२४ च्या सरकारी आकडेवारीनुसार आरएनचा मध्यम पगार वर्षाला ९३,६०० डॉलर होता. म्हणजे फी सोडून, नुसता बुडालेला पगारच दोन लाख डॉलरच्या वर जातो. एनपीचा अभ्यासक्रम अर्धवेळ, आठवड्याला दोन-तीन शिफ्ट करत पूर्ण करता येतो. शिवाय काही हॉस्पिटलं कर्मचाऱ्यांच्या फीचा वाटा उचलतात.

अपवाद दोन. तुम्हाला ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनच्या समोर उभं राहून काम करायचं असेल, तर पीएला तो मार्ग सरळ आहे, कारण शस्त्रक्रियेचं रोटेशन (त्या शाखेतलं काही आठवड्यांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण) सगळ्यांनाच करावं लागतं. एनपीला त्यासाठी बहुतेक ठिकाणी फर्स्ट असिस्टंटचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. दुसरा अपवाद म्हणजे ज्यांना दर काही वर्षांनी शाखा बदलायची आहे ते. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

मी नर्स नाही, बायॉलॉजीत पदवी घेतली आहे. लवकर कोणती वाट संपते?

कागदावर पीए. रुग्णसेवेचे तास जमवायला साधारण एक ते दोन वर्षं आणि मग २७ महिने.

एनपीसाठी आधी आरएन व्हावं लागेल. दुसऱ्या विषयातल्या पदवीधरांसाठी त्वरित बीएसएन (नर्सिंगची पदवी) असते, साधारण १२ ते १८ महिन्यांची. मग एनक्लेक्स-आरएन ही नर्सच्या परवान्याची परीक्षा, मग एक-दोन वर्षं वॉर्डातला अनुभव, मग दोन ते तीन वर्षं मास्टर्स. हे सगळं धरून पाच-सहा वर्षं होतात. पण त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं आरएनचा पगार मिळतो, हे लोक मोजत नाहीत. घरात दुसरी कमाई नसेल तर ‘लांब’ वाटच परवडते.

नर्स नसलेल्यांना थेट मास्टर्समध्ये घेणारे कार्यक्रमही आहेत. त्यात वॉर्डात नर्स म्हणून काम न करताच एनपी होता येतं. कायद्याला ते चालतं. नोकरी देणारे मात्र मुलाखतीत ‘आरएन म्हणून किती वर्षं?’ हे विचारतातच, आणि शून्य हे उत्तर अडचणीचं ठरतं.

पीए प्रवेशासाठी काय काय लागतं?

अर्ज कॅस्पा या एकाच ऑनलाइन प्रणालीतून जातो. ती दरवर्षी एप्रिलअखेर उघडते. बहुतेक कॉलेजं अर्ज येतील तसे तपासतात आणि जागा भरत जातात. त्यामुळे अंतिम तारीख सप्टेंबर किंवा ऑक्टोबर असली तरी जून-जुलैत गेलेला अर्ज आणि शेवटच्या आठवड्यातला अर्ज यांना सारखी संधी नसते.

पदवीबरोबर ठरावीक विषय लागतात: अॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी प्रयोगशाळेसह, मायक्रोबायॉलॉजी, रसायनशास्त्र, बऱ्याच ठिकाणी ऑर्गॅनिक किंवा बायोकेमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, मानसशास्त्र. किमान जीपीए (श्रेणींची ४ पैकी सरासरी) बहुधा ३.० असतो, पण प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ३.५ च्या पुढे असते. इथे एक गोष्ट अनेकांना उशिरा कळते. एखादा विषय पुन्हा करून ‘ए’ मिळवला तरी कॅस्पा जुनी श्रेणी पुसत नाही, दोन्ही धरून सरासरी काढते. एखादा ‘सी’ सुधारण्यापेक्षा वरच्या पातळीचे दोन-तीन नवे विज्ञान विषय चांगल्या श्रेणीत केलेले जास्त उपयोगी पडतात.

रुग्णसेवेच्या तासांची अट ५०० पासून २,००० पर्यंत असते. वर्षभर पूर्णवेळ काम केलं तर साधारण २,००० तास होतात. नर्सिंग असिस्टंट, म्हणजे सीएनए, हा सर्वात स्वस्त रस्ता आहे. त्याचं केंद्र सरकारने ठरवलेलं किमान प्रशिक्षण ७५ तासांचं आहे, राज्यं ते वाढवतात. ईएमटी (रुग्णवाहिकेवरचा कर्मचारी), मेडिकल असिस्टंट, रक्त काढणारा फ्लेबोटॉमिस्ट हेही चालतात. डॉक्टरच्या शेजारी बसून नोंदी टिपणाऱ्या स्क्राइबचे तास मात्र काही कॉलेजं थेट रुग्णसेवेत धरत नाहीत, नुसत्या ‘आरोग्यसेवा अनुभवा’त टाकतात. शॅडोइंग, म्हणजे नुसतं सोबत राहून काम पाहणं, हा तिसरा, वेगळाच रकाना आहे. वर्षभर राबून तास चुकीच्या रकान्यात पडले अशी उदाहरणं दर हंगामात असतात, म्हणून कामाला लागण्याआधीच दहा-बारा कॉलेजांच्या अटी एका तक्त्यात लिहून काढा.

काही ठिकाणी जीआरई, काही ठिकाणी पीए-कॅट किंवा कॅस्पर ही परीक्षा लागते. तिन्ही मागणारं कॉलेज क्वचितच, त्यामुळे आधी यादी, मग परीक्षा.

भारतातली बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस किंवा एमबीबीएस पदवी आहे. वर्षं वाचतील का?

वाचत नाहीत. पीएची पॅन्सी ही परवाना परीक्षा द्यायला एआरसी-पीए या संस्थेची मान्यता असलेला अमेरिकेतला अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. एमबीबीएस, एमडी झालेल्यालाही त्यात सूट नाही. तुमची पदवी प्रवेशासाठी पदवी म्हणून उपयोगी पडते, एवढंच.

अडचणी तीन ठिकाणी येतात. पहिली, गुणपत्रकांचं मूल्यमापन. विषयवार मूल्यमापन करून घ्यावं लागतं, आणि भारतातल्या विद्यापीठाकडून सीलबंद किंवा थेट पाठवलेली ट्रान्सक्रिप्ट लागते. महाराष्ट्रातल्या बहुतेक वैद्यकीय, आयुर्वेद, दंत आणि नर्सिंग पदव्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या असतात. घरचं कोणी तिकडे असेल तर त्यांच्याकरवी हे काम आधीच सुरू करा, कारण बाकी सगळं यावर अडून राहतं. दुसरी, मुदत. अनेक कॉलेजं पाच, सात किंवा दहा वर्षांपेक्षा जुने विषय धरत नाहीत, आणि बरीचशी ‘आवश्यक विषय अमेरिकेतल्याच कॉलेजात केलेले हवेत’ अशी अट घालतात. हे विषय कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळच्या वर्गांना बसून दीड-दोन वर्षांत होतात. एच-४ वर शिकायला वेगळा व्हिसा लागत नाही. तिसरी अडचण तासांची. एच-४ वर कामाचा परवाना, म्हणजे ईएडी, नसेल तर पगारी नोकरी करता येत नाही. पगारी जागेवर फुकट काम करणं हाही नियमभंग ठरू शकतो, ‘व्हॉलंटियर’ म्हणून कोणी बोलावलं तरी. मुळातच स्वयंसेवकांची असलेली कामंच धरा. भारतातल्या इंटर्नशिपचे तास चालतील का, हे कॉलेजला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

दवाखान्यात स्वतः निर्णय घेण्याची सवय असलेल्यांनी आणखी एक विचार करावा. एमबीबीएस झालेल्यांसाठी यूएसएमएलई (डॉक्टरच्या परवान्याची परीक्षा) आणि रेसिडेन्सीचा रस्ता खुला असतो. तो सोडून पीए होणं हा वय, मुलं, भौगोलिक बंधन यांचा विचार करून घेतलेला रास्त निर्णय असू शकतो. पण ‘आधी पीए होऊ, मग डॉक्टर’ हा बेत करू नका. पीएची वर्षं तिकडे मोजली जात नाहीत.

मी महाराष्ट्रात नर्स आहे. अमेरिकेत एनपी होण्याचा क्रम काय?

आधी आरएन. बीएससी नर्सिंग असेल तर पुढचं मास्टर्स सोपं जातं. जीएनएम (नर्सिंगची पदविका) असेल तर अनेक राज्यांत आरएनचा परवाना मिळू शकतो, पण एनपीसाठी बीएसएनची पायरी बहुधा चढावीच लागते. भारतात पोस्ट बेसिक बीएससी करून निघणं स्वस्त पडतं.

राज्य निवडा, त्या राज्याचं बोर्ड सांगेल त्या संस्थेकडून शिक्षणाचं मूल्यमापन करून घ्या. ट्रुमेरिट, जिचं जुनं नाव सीजीएफएनएस, ही त्यातली मुख्य. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून नोंदणीची पडताळणी थेट तिकडे जावी लागते, आणि कौन्सिलचं नूतनीकरण थकलं असेल तर तिथेच गाडी थांबते. मग एनक्लेक्स-आरएन: ८५ ते १५० प्रश्न, पाच तास, संगणक तुमच्या उत्तरांनुसार पुढचा प्रश्न काढतो. फी २०० डॉलर, अमेरिकेबाहेर परीक्षा दिल्यास आणखी १५०.

नावाचा घोळ हा आपल्याकडचा खास प्रश्न. लग्नानंतर आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं. मग दहावीच्या दाखल्यावर वडिलांचं नाव, कौन्सिलच्या नोंदणीवर एक, पासपोर्टवर नवऱ्याचं, असे तीन वेगळे मनुष्य तयार होतात. विवाह प्रमाणपत्र, लागलं तर राजपत्रातली नोंद, आणि सर्व कागद पासपोर्टवरच्या नावाशी जुळवून घेणं हे मूल्यमापनाचा अर्ज करण्याआधी करा. नंतर केलं तर तेच शुल्क दुसऱ्यांदा भरावं लागू शकतं.

खरा अडथळा व्हिसाचा आहे, आणि एजंट तो सांगत नाहीत. नर्ससाठीचं ग्रीन कार्ड ईबी-३ गटात येतं. नर्सना त्यात कामगार खात्याच्या चाचणीतून (त्या जागेसाठी अमेरिकेत कोणी मिळत नाही हे दाखवण्याच्या) सूट आहे, पण भारतात जन्मलेल्यांच्या रांगेतून सूट नाही. २०२५ मध्ये साधारण २०१३ साली अर्ज केलेल्यांचा नंबर लागत होता. साध्या आरएनच्या नोकरीवर एच-१बी हा नोकरीचा व्हिसा मिळणं अवघड असतं. एनपी आणि पीए यांच्या जागा एच-१बीला पात्र ठरतात, आणि विद्यापीठाशी संलग्न ना-नफा हॉस्पिटलं लॉटरीतून वगळलेली असतात. मात्र सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने देशाबाहेरच्या उमेदवारासाठीच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलरचं शुल्क आलं. म्हणून ‘इथूनच थेट’ या जाहिरातीवर पैसे भरू नका.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येऊन मास्टर्स केलं तर नंतर १२ महिने ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या तात्पुरत्या परवानगीवर, काम करता येतं. स्टेमची मुदतवाढ गृहीत धरू नका. परवाना, प्रमाणपत्र, विमा कंपन्यांकडची नोंदणी यातच त्यातले तीन-चार महिने जातात.

मुलगा एच-४ वर आहे. काही वेगळं पाहायचं का?

हो. २१ व्या वर्षी एच-४ संपतो. पीएचा प्रवेश सहसा २२-२३ व्या वर्षी किंवा त्यानंतर होतो, म्हणजे तोवर एफ-१ घ्यावा लागलेला असतो. एफ-१ आणि एच-४, दोन्हींवर केंद्र सरकारचं शैक्षणिक कर्ज मिळत नाही. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी न घेणारी पीए कॉलेजं पुष्कळ आहेत. यादी करताना ही चाळणी सर्वात आधी लावा. रुग्णसेवेचे पगारी तासही एफ-१ वर कॅम्पसबाहेर सहज करता येत नाहीत, आणि एच-४ वरचं ईएडी जोडीदारालाच मिळतं, मुलांना नाही.

एनपीमध्ये शाखा आधीच निवडावी लागते म्हणजे काय? चुकली तर?

अर्ज करतानाच ठरवावं लागतं: फॅमिली, प्रौढ आणि वृद्ध (प्राथमिक), प्रौढ आणि वृद्ध (तीव्र आजार), बालरुग्ण, नवजात, स्त्रीआरोग्य, मानसोपचार. सर्वाधिक लोक फॅमिली, म्हणजे एफएनपी, निवडतात, कारण ‘त्यात सगळं येतं’ असा समज आहे. त्यात सगळ्या वयाचे रुग्ण येतात, सगळे आजार नाहीत. एफएनपीचं शिक्षण क्लिनिकचं आहे. आयसीयूत व्हेंटिलेटरवरचे रुग्ण सांभाळायला हॉस्पिटलं आता वाढत्या प्रमाणात तीव्र आजाराचं प्रमाणपत्र मागतात. आयसीयूत दहा वर्षं काढलेली नर्स एफएनपी करते आणि आपल्याच आयसीयूत तिला एनपी म्हणून घेत नाहीत, असं होतं. चूक सुधारायला पोस्ट-मास्टर्स सर्टिफिकेट करावं लागतं: साधारण एक ते दीड-दोन वर्षं, नवे क्लिनिकल तास, नवी परीक्षा.

पीएला हे करावं लागत नाही. ऑर्थोपेडिक्समधून त्वचारोगात जायचं असेल तर नवी नोकरी शोधायची, पदवी तीच. अर्थात नव्या शाखेत पगार खाली येऊ शकतो आणि पहिले सहा महिने पुन्हा नवशिक्यासारखे जातात.

उलट, शाखा पक्की असेल तर एनपी सरस ठरतो. नवजात अतिदक्षता हवी असेल तर नवजात एनपी. त्यासाठी एनआयसीयूत आरएन म्हणून दोन वर्षांचा अनुभव मागतात, आणि तो अनुभव खरोखर उपयोगी पडतो. मानसोपचारातही तसंच. मानसोपचार एनपीचं सगळं शिक्षण त्याच विषयाचं असतं, पीएला त्या विषयाचं एक रोटेशन मिळतं. भूल द्यायची असेल तर हे दोन्ही नाहीत. तो सीआरएनएचा वेगळा रस्ता आहे, आयसीयूतल्या नर्सचा, आणि आता तो डॉक्टरेट पातळीवरच आहे.

ऑनलाइन एनपी चालेल का?

सिद्धांताचा भाग ऑनलाइन असायला हरकत नाही. क्लिनिकल तास प्रत्यक्षच करावे लागतात, आणि खरा प्रश्न तिथे आहे: प्रिसेप्टर, म्हणजे आपल्या हाताखाली ते तास करून घेणारा डॉक्टर किंवा एनपी, कोण शोधणार? पीए कॉलेजांना रोटेशनची सोय स्वतः करावी लागते. अनेक एनपी कार्यक्रम ही जबाबदारी विद्यार्थ्यावर टाकतात. मग क्लिनिकांना शेकडो ईमेल, मध्यस्थ वेबसाइटला हजारो डॉलर, आणि तरीही नकार. सत्र सुरू होताना प्रिसेप्टर नसेल तर ते सत्र जातं. प्रवेशाआधी विचारायचे प्रश्न: जागा तुम्ही देता की मी शोधायची? मी राहते त्या राज्यात तुमच्या कार्यक्रमाला परवानगी आहे का? मान्यता सीसीएनई किंवा एसीईएनची आहे का? प्रमाणपत्र परीक्षेत पहिल्या प्रयत्नात किती टक्के पास झाले?

तासांतही तफावत आहे. एनपीसाठी किमान तास पूर्वी ५०० होते, २०२२ च्या राष्ट्रीय मानकांत ते ७५० केले. पीएचे साधारण २,००० होतात. एनपीचे समर्थक म्हणतात की आरएनची वर्षं त्यात धरा. अनुभवी नर्सच्या बाबतीत ते पटतं. थेट प्रवेश घेतलेल्याच्या बाबतीत पटत नाही.

पीए कॉलेज तपासणं त्या मानाने सोपं आहे. पॅन्सीचा निकाल आणि किती विद्यार्थी मध्येच गळाले याचा तक्ता संकेतस्थळावर टाकणं त्यांना बंधनकारक आहे. मान्यतेपुढे ‘प्रोबेशन’ लिहिलं असेल तर कारण वाचा.

एमएसएन (नर्सिंगमधलं मास्टर्स) की डीएनपी (नर्सिंगमधली डॉक्टरेट)?

परवान्यासाठी मास्टर्स पुरतं. डीएनपीने क्लिनिकमधला पगार फारसा वाढत नाही. शिकवायचं किंवा व्यवस्थापनात जायचं असेल तर करा. आणि डीएनपी झाल्यावर रुग्णांसमोर ‘डॉक्टर’ म्हणवून घ्यायला कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत कायद्याचा अडसर आहे.

राज्याने एवढा काय फरक पडतो?

एनपीला पंचवीसहून अधिक राज्यांत डॉक्टरशी करार न करता स्वतंत्र काम करता येतं. वॉशिंग्टन, ओरेगॉन, अॅरिझोना, मॅसॅच्युसेट्स ही त्यातली. न्यूयॉर्कमध्ये ३,६०० तासांच्या अनुभवानंतर लेखी कराराची अट जाते. इलिनॉयमध्ये ४,००० तास आणि २५० तासांचं जादा शिक्षण लागतं. कॅलिफोर्नियाने २०२० च्या कायद्याने टप्पे पाडले: आधी तीन वर्षं किंवा ४,६०० तास, मग डॉक्टर असलेल्या गटात करारमुक्त काम, आणि आणखी तीन वर्षांनी पूर्ण स्वतंत्र. टेक्सासात आजही औषधं लिहिण्यासाठी डॉक्टरशी करार लागतो, एका डॉक्टरला असे सातच पूर्णवेळ एनपी-पीए ठेवता येतात, आणि शेड्यूल दोनमधली (मॉर्फिनसारखी कडक नियंत्रणातली) औषधं हॉस्पिटल आणि हॉस्पिसपुरतीच (अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची सेवा).

पीएला जवळजवळ सगळीकडे डॉक्टरशी देखरेखीचं किंवा सहकार्याचं नातं कागदावर ठेवावं लागतं. बंधनं सैल होत आहेत. नॉर्थ डकोटाने २०१९ मध्ये हॉस्पिटल-क्लिनिकांतली लेखी कराराची अट काढली, अॅरिझोनात ८,००० तासांनंतर ती जाते.

हॉस्पिटलात नोकरी करणाऱ्याला हे फारसं जाणवत नाही. करार मनुष्यबळ विभाग सांभाळतो. स्वतःचं क्लिनिक काढायचं असेल तर मात्र हाच कळीचा मुद्दा, कारण कराराच्या राज्यांत सहकारी डॉक्टरला दरमहा पैसे द्यावे लागतात आणि तो निवृत्त झाला की दुसरा मिळेपर्यंत क्लिनिक बंद.

पगार कोणाला जास्त?

मे २०२४ चे मध्यम आकडे: पीए सुमारे १ लाख ३३ हजार डॉलर, एनपी सुमारे १ लाख २९ हजार. चार हजारांचा हा फरक शाखा आणि शहर बदललं की पुसला जातो. मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) दोघांनाही डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्केच देते. पगारावरून निवड करू नका, कर्जावरून करा.

कर्जाचं काय बदललं?

२०२५ च्या कायद्याने ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर शिक्षणासाठीचं केंद्र सरकारचं कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद केलं. पदव्युत्तर विद्यार्थ्याला केंद्राकडून वर्षाला २०,५०० आणि एकूण १ लाख डॉलरची मर्यादा आहे. ‘व्यावसायिक’ पदव्यांना वर्षाला ५० हजार, एकूण २ लाख; पण शिक्षण विभागाच्या २०२५ च्या मसुद्यात त्या यादीत नर्सिंगही नव्हतं आणि पीएही. पीएला याचा फटका जास्त बसतो, कारण फी थोड्या काळात, एकदम भरायची आणि पगार शून्य. प्रवेशाचं पत्र हातात आल्यावर खासगी कर्जाचा व्याजदर शोधत बसण्यापेक्षा, यादी करतानाच राज्य विद्यापीठांना झुकतं माप द्या.

परीक्षा कशा असतात?

पॅन्सी: ३०० प्रश्न, ६०-६० चे पाच भाग, प्रत्येकी एक तास. पदवीनंतर सहा वर्षांत सहा प्रयत्न. पहिल्या प्रयत्नात दहापैकी नऊ जण पास होतात. नंतर दर दोन वर्षांनी १०० तासांचं शिक्षण आणि दहा वर्षांच्या चक्रात फेरपरीक्षा.

एफएनपीला दोन संस्थांपैकी एकीची परीक्षा पुरते. एएएनपीची १५० प्रश्नांची, तीन तासांची, जवळजवळ पूर्ण क्लिनिकल. एएनसीसीच्या परीक्षेत संशोधन, धोरण, नेतृत्व यांवरही प्रश्न येतात. नूतनीकरण पाच वर्षांनी, आणि काम चालू असेल तर बहुधा पुन्हा परीक्षा न देता.

पीएचं नाव बदललं का?

राष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये ‘फिजिशियन असोसिएट’ हे नाव स्वीकारलं. कायद्यात ते सर्वप्रथम ओरेगॉनने २०२४ मध्ये आणलं. बहुतेक राज्यांत परवान्यावर अजून जुनंच नाव आहे, आणि सही करताना तेच वापरायचं.

भारतातला पीए किंवा एनपी अभ्यासक्रम अमेरिकेत चालतो का? आणि तिकडचा इकडे?

दोन्ही दिशांनी नाही. भारतात बीएससी पीए आहे, २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यातही पीएचा समावेश आहे, पण त्यावर पॅन्सी देता येत नाही. भारतीय नर्सिंग परिषदेचा क्रिटिकल केअर नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चांगला आहे. अमेरिकेत तो एनपी म्हणून धरत नाहीत. आई-वडिलांसाठी पुण्याला परतून अमेरिकन परवान्यावर क्लिनिक काढता येईल, असं समजून कोणी हे शिक्षण घेऊ नये.

पहिल्या नोकरीच्या करारात काय पाहायचं?

व्यावसायिक विमा ‘क्लेम्स-मेड’ (विमा चालू असताना आलेलेच दावे धरणारा) आहे की ‘ऑकरन्स’ (विमा चालू असताना घडलेल्या घटनेचा दावा नंतर आला तरी धरणारा), हे सर्वात आधी. क्लेम्स-मेड असेल तर नोकरी सोडल्यावर जुन्या दाव्यांसाठी ‘टेल’ विमा लागतो. तो कोण भरणार हे लिहून घ्या, कारण तो वर्षाच्या हप्त्यापेक्षा बराच जास्त असू शकतो. डीईए नोंदणीचे (नियंत्रित औषधं लिहिण्यासाठी लागणाऱ्या) तीन वर्षांचे ८८८ डॉलर आणि त्याआधीचं आठ तासांचं प्रशिक्षण कोणाच्या खर्चाने? पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला किती रुग्ण? पूर्ण वेळापत्रक पहिल्याच महिन्यात देणारी जागा नवख्याने टाळावी, पगार कितीही असो. सोडल्यास किती मैलांच्या परिघात, किती महिने काम करता येणार नाही? एच-१बीवर असाल तर या शेवटच्या अटीने गाव सोडायची वेळ येऊ शकते, म्हणून ती सही करण्याआधी वकिलाला दाखवा.